एक्स-रेचा लॉग

बग आला की मी आधी लॉग बघतो, युजरचं म्हणणं नंतर ऐकतो. ही साधी सवय एका बाबतीत डॉक्टरांना लागायला शंभर वर्षं गेली, हे या वीकेंडला वाचलं आणि चरकलो.

१८६० साली पॅरिसमधल्या आँब्रवाझ तार्द्यू या न्यायवैद्यक डॉक्टरने छळ झालेल्या ३२ मुलांची नोंद छापली. त्यातली १८ मुलं दगावली होती. मारणाऱ्यांत आई-बापच जास्त! पण इतर डॉक्टरांनी फारशी दखल घेतली नाही. जन्मदाते असं करतील हे पटतच नव्हतं ना...

पुढे एक्स-रे आला. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन कॅफींनी सहा तान्ह्या मुलांच्या केसेस मांडल्या. सगळ्यांच्या मेंदूभोवती रक्त साकळलेलं, शिवाय हातापायांच्या हाडांत मिळून २३ फ्रॅक्चर्स. हाडांचा आजार कुठलाच नाही. मार लागलाय, एवढं कॅफींनी लिहिलं. कुणी मारलं, हे मात्र मोघमच राहिलं.

ते स्पष्ट म्हटलं डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६२ मध्ये. त्यांनी नाव दिलं 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम'. एक फ्रॅक्चर ताजं, दुसरं जुळत आलेलं, तिसरं जुनं. "पलंगावरून पडला हो" या एका वाक्यात तिन्ही कशी बसणार? हाडांवर टाइमस्टॅम्प असतो म्हणा ना! त्यांच्या पाहणीत ७१ हॉस्पिटलांतून एका वर्षातल्या ३०२ केसेस कळल्या. ३३ मुलं गेली, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा. आई-बापांवर संशय घ्यायला डॉक्टरांचंच मन धजत नाही, हेही त्यांनी लिहून टाकलं.

मग चक्रं फिरली. १९६७ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत अशी शंका कळवण्याचे कायदे झाले. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं सगळ्यांवरच बंधनकारक केलं, डॉक्टरही त्यात आले. गप्प बसणं हा गुन्हा. पण तो कायदा फक्त लैंगिक अत्याचारापुरता आहे.

शंका चुकूही शकते, मान्य. पण डॉक्टरने निकाल द्यायचाच नाहीये. नीट तपासायचं, लिहून ठेवायचं, कळवायचं. पुढची चौकशी इतरांची.

सहा महिन्यांचं बाळ स्वतः तक्रार नोंदवू शकत नाही हो. त्याच्या वतीने कुणीतरी लॉग वाचायलाच हवा.