नाथांची पोथी आणि गिटची वही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

आजचा विषय गिट. चार पोरं मिळून एका प्रोजेक्टचा कोड लिहायला बसली, की आठवड्याभरात एक प्रश्न येतोच: खरी फाईल कुठली? एकाच्या लॅपटॉपवर ‘फायनल’, व्हॉट्सॲपवर ‘फायनल-२’, पेनड्राइव्हवर ‘फायनल-आता-खरंच’. वाटतं की ही कॉम्प्युटरने आणलेली कटकट आहे. पण आपल्या भागाने ती चारशे वर्षांपूर्वीच भोगलीय.

ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशाला पूर्ण झाली. पुढे जवळपास तीनशे वर्षं ती हातानेच उतरवली जात होती. नकलणारा कुठे चुकायचा, कुठे अवघड शब्दाच्या जागी सोपा घालायचा, तर कुणी चक्क स्वतःची ओवी घुसवायचा. मग शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी हे पाठभेद दूर करून शुद्ध प्रत तयार केली. पैठण म्हणजे आपल्या अंबडच्या शेजारचा तालुका. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला, तोवर अंबड आणि पैठण एकाच जिल्ह्यात होते. नाथांनी शेवटी बजावलंसुद्धा, की यात जो स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजा. आजच्या भाषेत, मेन ब्रँचला कुलूप!

काम फार मोठं होतं. पण नाथांनी कुठली ओवी काढली, कुठला शब्द बदलला, याची यादी आपल्यापर्यंत आली नाही. त्यामुळे इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीडकडे सापडलेली एक जुनी प्रत १९०९ मध्ये छापली आणि ती नाथांच्या आधीची आहे असं म्हटलं, तेव्हा मूळ पाठ कुठला यावर अभ्यासकांत वाद झाले. ताडून पाहायला नोंदच नव्हती ना.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या वेळी ती नोंद ठेवली. १९१९ ते १९६६ एवढा काळ काम चाललं, १,२५९ हस्तलिखितं वापरली. वर निवडलेला पाठ, खाली तळटीपेत ‘अमुक प्रतीत हा शब्द असा आहे’. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर वाचक स्वतः तपासू शकतो.

आता कोडकडे या. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाची प्रणाली बनवली. ती कोडमधल्या बदलांचा इतिहास जपायची. नंतर सीव्हीएस आणि सबव्हर्जन आल्या. त्यांत सगळा इतिहास एका मुख्य सर्व्हरवर असायचा. लिनक्सवाले २००२ पासून बिटकीपर वापरत होते. २००५ मध्ये त्याच्या कंपनीने फुकट वापर थांबवला. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये स्वतःच नवीन प्रणाली लिहायला घेतली आणि काही दिवसांतच तिचा कोड तिच्यातच ठेवायला लागले. तीच ही गिट.

गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाला कमिट म्हणतात. कुणी केला, कधी केला, आणि सोबत तुमचा निरोप. प्रत्येक कमिटला ४० अक्षरांचा एक ठसा मिळतो, आणि त्यात आधीच्या कमिटचा ठसाही मिसळलेला असतो. मागचं एक अक्षर कुणी गुपचूप बदललं, तर तिथून पुढचे सगळे ठसे बदलतात. शिवाय प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत असते.

२००८ मध्ये गिटहब सुरू झालं आणि ही वही सगळ्यांना एकत्र उघडता यायला लागली. दुसऱ्याच्या कोडमध्ये काही सुचवायचंय? त्याची प्रत घ्या, बदल करा आणि पुल रिक्वेस्ट पाठवा. पूर्वी ओवी गुपचूप घुसायची. इथे ‘माझी ओवी घ्याल का?’ असं विचारायचं. मालक ती वाचणार, चर्चा होणार, मग ती आत येणार किंवा परत जाणार. दोन्हीची नोंद राहते.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती श्रेयाची. ग्रुप प्रोजेक्टमध्ये रात्र-रात्र जागते एक मुलगी आणि पहिल्या पानावर नावं छापली जातात चार. इतिहास ठेवला असेल तर तिला भांडावं लागत नाही, कमिट दाखवले की झालं. फक्त एक सांभाळा: ही वही विसरत नाही. चुकून पासवर्ड टाकून पाठवलात आणि पुढच्या कमिटमध्ये पुसलात, तरी जुन्या पानावर तो राहतोच. तो लगेच बदलून टाका.

मग जालना असो की परतूर, पुढचा प्रोजेक्ट पहिल्या दिवसापासून गिटमध्ये ठेवा. आणि ‘अपडेट’ एवढंच लिहून सोडू नका. बदल का केला ते एका ओळीत लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालतं, गिटला देवनागरी समजते. तुमच्यानंतर तो कोड उघडणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

भेटू पुढच्या भागात!