लिनक्सकडे वळताना: आधी बॅकअप, मग बाकी सगळं

१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स बंद केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालू स्थितीतले कितीतरी जुने संगणक त्यात बसत नाहीत. आमच्या नशिराबादेतल्या घराघरांत असेच संगणक आहेत: मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशोब, मशिदीच्या चंद्याची यादी, सगळं त्याच्यावर. अशा संगणकाला लिनक्स हा फुकटचा आणि चांगला पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकताहेत.

नवशिक्यांनी लिनक्स मिंट घ्यावं. जुन्या संगणकावर त्याचीच एक्सएफसीई आवृत्ती हलकी चालते. ४ जीबी रॅम असली की काम भागतं. पेन ड्राइव्हवर मिंट चढवून, काहीही इन्स्टॉल न करता, आधी चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर इथेच तपासा. प्रिंटर खास करून. एचपीचे बहुतेक चालतात, पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर बसवणं कटकटीचं आहे.

उर्दू लिहिणाऱ्यांसाठी एक इशारा. इनपेज हे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. त्यात केलेल्या फायली लिनक्समध्ये सरळ उघडत नाहीत, म्हणून विंडोज असतानाच त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करून ठेवा. नस्तालीकसाठी नोतो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट मोफत मिळतो, उर्दूचा फोनेटिक कीबोर्ड मिंटमध्ये आहेच. मराठीचा इनस्क्रिप्टही आहे. कृतिदेवातल्या जुन्या फायलींना मात्र तो फॉन्ट सोबत न्यावा लागतो, नाहीतर पानावर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात.

आता मूळ मुद्दा. इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला की आधीचं सगळं जातं, आणि ते परत मिळेल या भरवशावर राहू नये. त्याआधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि चार-पाच फायली उघडून खात्री करा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, निकाहनामा, सातबारा यांचे स्कॅन आधी. कागद वेळेवर सापडला नाही तर किती चकरा माराव्या लागतात, ते आपल्या लोकांना सांगायला नको.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचं साधन आधीपासून असतं. टोनी जॉर्ज यांनी ते तयार केलं, आणि २०२२ पासून त्याची देखभाल मिंटची टीमच करते. ते सिस्टिमची ठरावीक वेळची स्थिती जपून ठेवतं. याला स्नॅपशॉट म्हणतात. पहिल्या स्नॅपशॉटला बरीच जागा लागते. पुढच्यांत फक्त बदललेल्या फायलींची भर पडते. एखाद्या अपडेटने संगणक बिघडला तर मागच्या स्थितीवर जाता येतं. संगणक चालूच होत नसेल तर मिंटच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून तिथूनही परत आणता येतं.

पण टाइमशिफ्ट तुमची कागदपत्रं जपत नाही. होम फोल्डर ते मुद्दाम वगळतं, कारण सिस्टिम मागे नेताना तुमचं कालचं लिखाण मागे जायला नको. नवीन माणूस नेमका इथेच फसतो. दुसरी चूक आम्ही स्वतः केली: स्नॅपशॉट त्याच हार्ड डिस्कवर ठेवले, दुसरीकडे काहीच नाही. मे महिन्यात, लाईट ये-जा करत असताना, डिस्कच बसली. सिस्टिमही गेली, स्नॅपशॉटही गेले, आणि कित्येक वर्षांच्या उर्दू-मराठी प्रश्नपत्रिका. सिस्टिम तासाभरात पुन्हा बसली. प्रश्नपत्रिका अजून हाताने टाइप करतोय.

म्हणून बाहेरची डिस्क वेगळी घ्या आणि तिचे दोन भाग करा. हे डिस्क रिकामी असतानाच करायचं. एक भाग ईएक्सटी४ पद्धतीचा, टाइमशिफ्टसाठी. विंडोजच्या एनटीएफएस भागावर ते स्नॅपशॉट ठेवत नाही. दुसरा एक्सफॅट, म्हणजे गरज पडली तर दुसऱ्याच्या विंडोजवरही कागदपत्रं उघडता येतील. वेळापत्रक साप्ताहिक ठेवा, तीन स्नॅपशॉट पुरतात. डिस्क जोडलेली नसेल तर स्नॅपशॉट होणार नाही. जुम्याच्या नमाजनंतर डिस्क लावायची, अशी सवय आम्ही घरात लावली आहे.

कागदपत्रांसाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून देजा-दूप घ्या. ते ठरलेल्या दिवशी बदललेलं तेवढंच उतरवतं आणि पासवर्ड घालून बंदही करतं. फक्त तो पासवर्ड विसरलात तर कुलूप कुणालाच उघडता येत नाही. वहीत लिहून घरच्या मोठ्यांकडे द्या. शिवाय हा बॅकअप देजा-दूपमधूनच परत उघडतो, म्हणून दाखल्यांचे स्कॅन एक्सफॅट भागावर साधे कॉपी करूनही ठेवा, आणि त्यांचीच एक प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मामूंकडे, पेन ड्राइव्हवर. घरात पाणी शिरलं, चोरी झाली, तर एकाच कपाटातल्या दोन प्रती एकदमच जातात.

पूर्ण डिस्कचीच हुबेहूब प्रत हवी असेल तर क्लोनझिला आहे, पण त्याचे पडदे रुक्ष आहेत आणि चुकीची डिस्क निवडली तर भलतंच पुसलं जातं. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

सगळं बसवून झालं की एक फाइल मुद्दाम डिलीट करा आणि बॅकअपमधून परत आणून बघा. आली नाही, तर काय चुकलं ते त्याच दिवशी शोधा. जुना डेटा उतरवलेली डिस्क तोपर्यंत पुसू नका.