बडोद्याचा संघव्यायाम

कुस्तीचा फड सोडला, तर आखाड्यातील विद्या बहुधा वस्ताद आणि शिष्य यांच्यातच राहत असे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव यांनी ती मैदानावर मांडली. इंग्रजी हुकुमांऐवजी त्यांनी देशी भाषेतील आज्ञा योजल्या. बदल वरवर किरकोळ; पण त्यामुळे शेकडो मुलांना एकाच तालावर लाठी फिरवणे साधले. दूर बसलेल्यालाही तो मेळ कळे. एकसारखेपणाची किंमत मात्र होतीच : ठरलेल्या हातांत प्रतिस्पर्ध्याला चकवण्याचे कसब मागे पडते. ते दाखवायचे, तर समूहामागोमाग एखादी जोडी उतरवावी लागते. पुढे बडोद्यातूनच द. चिं. मजुमदार संपादित व्यायामज्ञानकोशाचे १० खंड मराठीत निघाले आणि वस्तादांच्या कानगोष्टी छापील पानावर आल्या.