उत्तरचालन, एंजिनाचे

पेट्रोल एंजिनाचा विद्युत् प्रवाह किल्लीने तोडल्यानंतरही ते काही काळ अडखळत व धक्के देत चालू राहते, या क्रियेला उत्तरचालन म्हणतात. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारगाड्यांत हा दोष विशेषेकरून आढळतो. किल्लीने ठिणगी बंद होते, इंधन मात्र बंद होत नाही, हे त्याचे मूळ होय. फिरत्या एंजिनाचे दट्टे कार्ब्युरेटरच्या मंदगती मार्गातून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढीत राहतात. सिलिंडरातील एखादा लालबुंद भाग ते पेटवितो किंवा गती अगदी कमी झाल्याने दाबलेल्या मिश्रणास आपोआप पेटण्याइतका अवधी मिळतो. या दुसऱ्या कारणावरून कारागिरांनी रूढ केलेले ‘डिझेलिंग’ हे नाव अंशतःच सार्थ आहे.

इतिहास : आज दोष समजली जाणारी ही क्रिया आरंभीच्या एंजिनांत हेतुपूर्वक वापरली जात असे. गोटलीप डाइमलर यांच्या १८८३ च्या एंजिनात बाहेरून ज्योतीने तापविलेली नळी मिश्रण पेटवीत असे. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्ट्यूअर्ट यांच्या १८९० च्या एकस्वातील एंजिनात हेच काम तप्त कक्ष करी. पुढे मॅग्नेटो व विद्युत् घटमाला यांवर आधारलेले प्रज्वलन रूढ झाले आणि एंजिन थांबविण्याचे साधन इंधनाऐवजी ठिणगी हे बनले. डीझेल एंजिनात असा बदल घडला नाही. खडकी येथील किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या १९४६ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याच्या एंजिनावर पाणी उपसणारा शेतकरी एंजिन थांबविण्यासाठी इंधनच तोडतो. दट्ट्याची विमान-एंजिनेही सामान्यतः इंधन तोडूनच थांबवितात.

टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधलेल्या शिसेयुक्त संयुगाने पेट्रोलचा ठोका (अकाली स्फोटक ज्वलन) आवरला गेला व संपीडन वाढविता आले. मात्र शिशाचे निक्षेप तापून स्वतःच मिश्रण पेटवू लागले. पुढे अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा अधिनियमानंतर धूर कमी करण्यासाठी विरळ मिश्रण, उशिरा पडणारी ठिणगी आणि वाढीव मंदगती यांचा अवलंब झाला. तिन्हींमुळे उत्तरचालनास पोषक परिस्थिती निर्माण झाली. त्यावर कार्ब्युरेटरला विद्युत् चुंबकीय झडप बसविण्यात आली. किल्ली फिरविताच ती मंदगती मार्ग बंद करते.

महाराष्ट्रातील स्थिती : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० व पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. पद्मिनीचे पेट्रोल एंजिन १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे होते. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून निवृत्त झाली. हौशी मालकांकडे मात्र अशा गाड्या अद्याप आहेत. कोकणातून ताम्हिणी घाट चढून मुळशी व पौडमार्गे पुण्यास येताना त्यांच्या एंजिनाची कसोटी लागते. खालच्या गिअरमध्ये संथ चढताना एंजिनावरील भार मोठा असतो, परंतु रेडिएटरमधून वाहणारी हवा थोडी असते. अशा वेळी मुळशीच्या जलाशयाकाठी गाडी थांबवून लगेच किल्ली फिरविल्यास उत्तरचालनाचा संभव वाढतो. दोन-तीन मिनिटे एंजिन मंदगतीवर चालू ठेवल्यास तापलेले भाग निवतात.

दोषशोधन : किल्ली काढल्यावर एंजिन पूर्वीसारखे सुरळीत चालत असेल, तर ठिणगी चालूच आहे असे समजून किल्लीचा स्विच व तारा तपासाव्यात. ते गचके देत असेल, तरच ते उत्तरचालन होय. तपासणी सोप्या बाबींपासून करावी : प्रथम मंदगती कमी करावी, नंतर ठिणगीची वेळ, मिश्रणाचे प्रमाण, रेडिएटरमधील पाणी व पंख्याचा पट्टा पाहावा. ठिणगी गुडदी एंजिनास योग्य अशा उष्णता-श्रेणीची असावी. एवढ्याने दोष गेला नाही, तर सिलिंडरचे शीर्ष उघडून साचलेली काजळी खरवडावी. चुंबकीय झडप असल्यास तिचा विद्युत् प्रवाह व अडकलेली सुई तपासावी. तात्पुरता उपाय म्हणून ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडल्यास एंजिन बंद पडते. उत्तरचालनाकडे दुर्लक्ष करू नये. त्यात एंजिन क्वचित उलटेही फिरते व वंगणाचा दाब नाहीसा होतो.

इंधनबदल : भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. त्याच सुमारास इंधन-अंतःक्षेपणाचा प्रसार झाला. या पद्धतीत किल्ली फिरविताच इंधनही तुटते, म्हणून नव्या गाड्यांत हा दोष उरला नाही. जुन्या गाड्यांपुढे मात्र नवा प्रश्न आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात उपलब्ध होऊ लागले. मुळशी तालुक्यातील उरवडे येथे प्राज मॅट्रिक्स हे जैवइंधनांवरील संशोधन केंद्र आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक उंच असल्याने ते ठोक्यास चांगला प्रतिकार करते. परंतु तप्त पृष्ठभागाने पेटण्यास होणारा प्रतिकार हा निराळा गुण असून त्यात इथेनॉल तितके सरस नाही. शिवाय त्यातील ऑक्सिजनमुळे, केवळ पेट्रोलसाठी जुळविलेल्या कार्ब्युरेटरमधील मिश्रण विरळ होते. म्हणून नुसता ऑक्टेन अंक पाहून निश्चिंत न राहता जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर नव्या इंधनास अनुसरून जुळविणे आवश्यक ठरते. ही जुळवणी जाणणारे कारागीर विरळ होत असल्यामुळे त्यांचे ज्ञान लेखी जतन करणे हे जुन्या गाड्यांच्या जतनाइतकेच महत्त्वाचे आहे.