पान्हा आणि पारख

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा थाट पाहण्यासारखा असतो. धुऊन-पुसून तुकतुकीत केलेले काळे अंग, रंगवलेली शिंगे, मोरपिसे, गळ्यात घुंगरांच्या माळा! धनी हाक घालीत पुढे धावतो आणि म्हैस त्याच्या मागोमाग धाव घेते. परक्याला हा निव्वळ हौसेचा खेळ वाटतो. वास्तविक गवळ्याच्या धंद्याचे मर्मच त्यात आहे. धन्यावर असा विश्वास टाकणारी म्हैसच भर रस्त्यात पान्हा सोडते.

गंगावेशीतील दूधकट्टा महाराष्ट्राला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाच्या देखत धार काढायची आणि फेसाळलेले धारोष्ण दूध त्याच्या हाती द्यायचे, ही तेथली जुनी रीत. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) कुस्तीला राजाश्रय मिळाला, खासबागेचे मैदान उभे राहिले. आणि तालमी वाढल्या तशी पैलवानांच्या खुराकासाठी दुधाचीही चाड वाढली. या रीतीला सोयीची ठरली ती पंढरपुरी म्हैस. तलवारीसारखी लांब शिंगे ही तिची खूण. पण तिचा खरा गुण म्हणजे रेडकू जवळ नसतानाही, आणि गोठ्याबाहेरही, ती चटकन पान्हावते.

हा गुण सामान्य नव्हे. म्हशीचे बहुतेक दूध कासेतील सूक्ष्म पिशव्यांत असते. सडांपाशी आयते उतरलेले फार थोडे. कास धुतली, चोळली, की मेंदूकडून एक स्राव रक्तात येतो, त्या पिशव्या आवळतात आणि दूध खाली येते. त्याचा जोर काही मिनिटेच टिकतो. म्हणून धार झपाट्याने काढावी लागते. मार, भीती किंवा परका हात आड आला, की म्हैस पान्हा चोरते. तिच्याशी मायेने वागणे हा गवळ्याच्या दृष्टीने रोकडा व्यवहार आहे.

डोळ्यांदेखत काढलेल्या दुधात पाणी नाही, एवढी खात्री गिऱ्हाइकाला पटे. परंतु डोळ्यांना पाणी दिसते, रोग दिसत नाही. कासदाहाच्या आरंभी दूध पुष्कळदा निर्मळच दिसते. क्षयाचे किंवा सांसर्गिक गर्भपाताचे जंतू कच्च्या दुधातून माणसापर्यंत पोचू शकतात. धारोष्ण दुधाचा अभिमान कितीही रास्त असला, तरी दूध उकळून पिणेच शहाणपणाचे. बुळकांडीने तर पूर्वी गोठेच्या गोठे ओस पडत. तिच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम १९५४ साली सुरू झाली आणि २०११ साली ती रोगराई जगातूनच नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. त्या यशामागे लशीचा मोठा वाटा होता.

१९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आजचा 'गोकुळ', स्थापन झाला. १९६८ मध्ये तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणेचा संघ निघाला. आता गिऱ्हाईक दूर मुंबईला आणि म्हैस इकडे खेड्यात. समोर धार काढण्याची सोय उरली नाही. तिची जागा स्निग्धांशाच्या तपासणीने घेतली आणि भावही तिच्यावरच ठरू लागला. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण सात टक्क्यांच्या आसपास, गाईच्या दुधात त्याच्या निम्माच. तेव्हा या पद्धतीत म्हैसवाल्याचे चीज झाले. पण अनेक घरांचे दूध एकत्र येऊ लागल्यावर एका गोठ्यातली हयगय सर्वांना भोवू लागली. म्हणूनच दूध गोळा करण्याबरोबर जनावरांचा डॉक्टर, लस, कृत्रिम रेतन आणि पशुखाद्य यांची व्यवस्था सहकाराला करावी लागली.

एवढे झाले तरी पहिली पारख गोठ्यातच होते. सड गरम लागतो काय, पहिल्या धारेत गुठळी आहे काय, वैरण तशीच पडली आहे काय, हे यंत्राआधी घरच्या माणसाला, बहुधा घरच्या बाईला, कळते. पाडव्याच्या मिरवणुकीत धनी पुढे धावतो. ज्या हातांनी ती म्हैस वर्षभर जपली, त्यांची आठवणही त्या दिवशी व्हावी.