यहोवाचे साक्षीदार : राजकारण आणि कायदा

अमेरिकेत उगम पावलेल्या या ख्रिस्ती पंथाची राज्यसंस्थेविषयीची भूमिका. चार्ल्स टेझ रसेल यांनी 1870 च्या दशकात पिट्सबर्ग येथे सुरू केलेल्या बायबल-अभ्यास गटातून हा पंथ वाढला; आजचे नाव 1931 मध्ये त्यांचे उत्तराधिकारी जोसेफ रदरफर्ड यांच्या कारकिर्दीत पडले. देवाचे राज्य हे रूपक नसून 1914 पासून स्वर्गात प्रत्यक्ष चालणारे सरकार आहे, अशी त्यांची शिकवण. निष्ठा त्या सरकारला वाहिल्यावर पृथ्वीवरच्या सत्तास्पर्धेत भाग घेण्याचे कारण उरत नाही. साक्षीदार निवडणूक लढवत नाहीत, सहसा मतदान करत नाहीत, सैन्यात जात नाहीत आणि ध्वजवंदनही करत नाहीत. या अलिप्ततेला ते तटस्थता म्हणतात.

तरीही हा पंथ अराजकवादी नाही. कर चुकता करणे व कायदा पाळणे ते धर्मकर्तव्य मानतात. देवाची आज्ञा आणि सरकारी आज्ञा यांत विरोध आला, तरच दुसरी मोडायची. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायात ज्या अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितले आहे, ते म्हणजे सरकारे की देव व ख्रिस्त? पंथाने 1929 मध्ये दुसरा अर्थ स्वीकारला आणि 1962 मध्ये पुन्हा पहिल्यावर परतला. लष्करी सेवेऐवजीची नागरी सेवाही 1996 पर्यंत त्याज्य होती. नंतर ती ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोडण्यात आली.

राजकारणापासून दूर राहणाऱ्या या मंडळींनी कोर्टाची पायरी मात्र कधी टाळली नाही. रदरफर्ड स्वतः वकील होते. शाळेत ध्वजवंदनाची सक्ती करता येते, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1940 मध्ये दिला, तेव्हा ठिकठिकाणी जमावांनी साक्षीदारांवर हल्ले केले. मेन राज्यातील केनेबंक येथे त्यांचे 'राज्य सभागृह', म्हणजे प्रार्थनास्थळ, जाळण्यात आले. तीनच वर्षांनी त्याच न्यायालयाने बार्नेट खटल्यात तो निकाल फिरवला. अमेरिकी नागरी स्वातंत्र्याच्या कायद्यात या पंथाने घातलेली भर त्याच्या संख्याबळाच्या मानाने कितीतरी मोठी आहे.

कोर्टात दाद मिळण्याची सोय नव्हती तिथे किंमत जबर पडली. नाझी छळछावण्यांत त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण असे. श्रद्धा सोडल्याच्या कागदावर सही केली की सुटका, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला जाई. फार थोड्यांनी ती केली. मलावीत सत्ताधारी पक्षाचे सदस्यत्व-कार्ड घ्यायला नकार दिल्याबद्दल त्यांना मारहाण झाली, हजारो जण देशोधडीला लागले. रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये संघटनेला अतिरेकी ठरवून तिच्यावर बंदी घातली.

भारतातील निर्णायक खटला केरळचा. कोट्टयम जिल्ह्यातील एका शाळेत साक्षीदार कुटुंबातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी इतरांबरोबर आदराने उभी राहत, पण गात नसत. जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी व एम. एम. दत्त यांनी ऑगस्ट 1986 मध्ये त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदाच नाही आणि न गाता उभे राहणे हा अवमान नव्हे, हा त्यामागचा युक्तिवाद. संघटनेचे भारतातील कार्यालय त्या काळी लोणावळ्यात होते. तिचे 'टेहळणी बुरूज' हे नियतकालिक मराठीतही निघते.

आक्षेप प्रामुख्याने पंथाच्या अंतर्गत न्यायव्यवस्थेवर आहेत. गंभीर पापाची चौकशी मंडळीतील 'वडील' म्हणवले जाणारे ज्येष्ठ पुढारी बंद दाराआड करतात आणि पश्चात्ताप न करणाऱ्याला बहिष्कृत केले जाते. कबुली नसेल, तर घटना पाहणाऱ्या दोघांच्या साक्षीशिवाय आरोप सिद्ध मानला जात नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या तक्रारींत या नियमाचा फायदा कोणाला होतो, हे उघड आहे. अशा शोषणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने 2015 मध्ये या पद्धतीची जाहीर सुनावणी घेऊन तिच्यावर कडक टीका केली. बायबलमधला नियम बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी संघटनेची भूमिका राहिली.