वसाहत, वठार आणि परतावा : जयनगरच्या निमित्ताने भाडेकरूच्या एका हक्काचा इतिहास

राहते घर राहण्याजोगे उरले नाही, तर त्या घराचे आगाऊ दिलेले भाडे, मालकाकडे ठेवलेली अनामत आणि भाडेकरूने पदरमोड करून केलेली दुरुस्ती यांचा परतावा कोणी व केव्हा द्यावा, हा प्रश्न वरकरणी निव्वळ व्यवहाराचा वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी गेल्यास नगररचना, कायदा आणि रूढी या तीन प्रवाहांचा इतिहास त्यात एकवटलेला दिसतो. बंगळूरच्या दक्षिण भागातील जयनगर ही वसाहत या इतिहासाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. कारण ही वसाहत घरमालकांसाठी आखली गेली आणि पुढे तिच्या बऱ्याच भागात भाडेकरूंची वस्ती झाली.

या विषयातील शब्दांकडेही लक्ष देणे आवश्यक ठरते. मराठीतील ‘भाडे’ आणि कन्नडमधील ‘बाडिगे’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘भाटक’ या एकाच मुळाकडे जातात. ‘वठार’ हा शब्द मराठीत वस्ती किंवा गावाचा एक भाग या अर्थाने येतो, तर कन्नडमध्ये एका मालकाच्या आवाराभोवती ओळीने बांधलेल्या, अनेक बिऱ्हाडांनी गजबजलेल्या घरांना ‘वठार’ म्हणतात. पुण्याचा वाडा, मुंबईची चाळ आणि जुन्या बंगळूरचे वठार यांची रचना वेगळी असली, तरी एका मालकाच्या जागेत अनेक बिऱ्हाडांनी राहण्याची रीत तिन्हीकडे सारखीच होती. छप्पर गळू लागले की तक्रार न्यायालयात न जाता आधी मालकाच्या ओसरीवर जात असे. ‘बिऱ्हाड’ या शब्दातच तात्पुरतेपणा गृहीत धरलेला आहे, आणि ज्याचे राहणे तात्पुरते त्याचा हक्कही तात्पुरता, अशी समाजाची धारणा त्यातून डोकावते.

बंगळूरमध्ये १८९८ च्या प्लेगनंतर दाट पेठांबाहेर हवेशीर वस्ती करण्याच्या विचाराला जोर आला आणि मल्लेश्वरम् व बसवनगुडी हे विस्तार वाढीस लागले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधारणा विश्वस्त मंडळाने हीच परंपरा पुढे नेली. जयनगरची पायाभरणी ऑगस्ट १९४८ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाली आणि म्हैसूरचे महाराज जयचामराज वडेयर यांच्या नावावरून वसाहतीला नाव मिळाले. अशोकस्तंभ त्या आरंभाची खूण म्हणून आजही उभा आहे. क्रमांकित ब्लॉक, ‘मेन’ व ‘क्रॉस’ रस्ते, उद्याने, बाजारासाठी राखून ठेवलेली जागा असा हा सुविहित आराखडा होता. मात्र भूखंड वाटले गेले ते स्वतःचे घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबांना. भाडेकरू आला तो आराखड्यातून नव्हे, तर मागील दाराने : प्रथम घरामागच्या खोलीत, नंतर वाढविलेल्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे वसाहतीच्या कागदांत त्याला स्थान नव्हते. त्याचे स्थान ठरविले ते कायद्याने आणि रूढीने.

कायद्याचा मूळ आधार म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम होय. त्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूसाठी दोन तरतुदी आहेत. आग, वादळ, पूर, सैन्याचा वा जमावाचा उपद्रव किंवा अन्य अनिवार्य आपत्तीमुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला, अथवा ती मूळ हेतूसाठी ठळकपणे व कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेकरूच्या इच्छेनुसार भाडेपट्टा रद्द होतो. अर्थात हानी त्याच्याच दोषामुळे झालेली नसावी. दुसरी तरतूद दुरुस्तीची आहे. मालक जी दुरुस्ती करण्यास बांधील आहे ती त्याने सूचनेनंतर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च सव्याज भाड्यातून वळता करावा किंवा अन्य मार्गाने वसूल करावा.

या दोन्ही तरतुदी उदार वाटतात, परंतु प्रत्येकीत एकेक शब्द अडसर होऊन बसला आहे. पहिलीत तो ‘कायमची’ हा आहे. पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरून घर दोन महिने राहण्यास अयोग्य झाले, तर ते कायमचे निरुपयोगी झाले असे म्हणता येत नाही. दुसरीत ‘बांधील’ हा शब्द आहे. जागा दुरुस्त ठेवण्याचे सर्वसाधारण दायित्व हा अधिनियम मालकावर टाकीत नाही. उलट नैसर्गिक झीज वगळता जागा होती तशी राखण्याची जबाबदारी तो भाडेकरूवर टाकतो. करारात दुरुस्तीचे कलम नसेल, तर परताव्याचा हक्क कागदावरच राहतो.

न्यायालयांनी हा अर्थ पुढे अधिक काटेकोर केला. फाळणीमुळे भाडेपट्ट्याची जमीन पाकिस्तानात गेली म्हणून भरलेले भाडे परत मिळावे, असा एक वाद १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. करार अशक्य झाल्यास तो संपतो हे करार अधिनियमाच्या कलम ५६ मधील तत्त्व, ताबा दिल्यानंतर पूर्ण झालेल्या भाडेपट्ट्याला लागू होत नाही, असे ‘राजा ध्रुवदेवचंद विरुद्ध हरमोहिंदरसिंग’ या निर्णयात ठरले. २०२० च्या टाळेबंदीत दिल्ली उच्च न्यायालयानेही, जागेचा वापर तात्पुरता थांबला एवढ्यावरून भाडे माफ होत नाही, असाच कौल दिला. म्हणजे भाडेकरूने पट्टा रद्द करण्याचा आपला पर्याय स्पष्टपणे बजावला पाहिजे. घर सोडून नुसते निघून जाणे पुरेसे होत नाही.

या उणिवेवर भाडेनियंत्रणाने काही उपाय केला. मुंबईत १९१८ च्या युद्धकालीन निर्बंधांपासून आरंभ होऊन १९४७ चा मुंबई भाडे अधिनियम आला. त्याची जागा घेणाऱ्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमात मालकाने जागा सुस्थितीत ठेवलीच पाहिजे, असे कलम १४ सांगते. पंधरा दिवसांच्या सूचनेनंतरही त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून खर्च वळता करू शकतो, परंतु वर्षाला भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. ज्या चाळीचे भाडे दशकानुदशके गोठलेले, तिथे हा चौथा हिस्सा तुळई बदलण्यासही अपुरा पडे. गोठलेले प्रमाणभाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात नमूद केले. तत्पूर्वीच, १९६९ मध्ये, उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करणारे मंडळ मुंबईत निर्माण करावे लागले होते. मालक व भाडेकरू यांच्यातील देणे अशा रीतीने अंशतः सार्वजनिक झाले.

कर्नाटकात चित्र निराळे झाले. १९६१ च्या अधिनियमाच्या जागी आलेला १९९९ चा कर्नाटक भाडे अधिनियम २००१ च्या अखेरीस अमलात आला. बंगळूरसारख्या शहरात मासिक ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. जयनगरातील आजचे भाडे पाहता, तेथील बहुतेक भाडेकरू पुन्हा १८८२ च्या कायद्यापाशी आणि अकरा महिन्यांच्या करारापाशी येऊन थांबतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याची नोंदणी १९०८ च्या अधिनियमाने सक्तीची असल्याने ही अकराची संख्या रूढ झाली.

या कराराची खरी किल्ली अनामत रकमेत आहे. दहा महिन्यांचे भाडे ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणून घेण्याची रीत बंगळूरमध्ये दीर्घकाळ प्रचलित होती. ‘भोग्य’ पद्धतीत तर मोठी रक्कम एकदम द्यायची, भाडे द्यायचे नाही, आणि मुदतीअंती मूळ रक्कम बिनव्याजी परत घ्यायची असते. घर अयोग्य झाल्यास अशा भाडेकरूची सारी शिल्लकच अडकून पडते. भाड्यातून खर्च वळता करण्याचा मार्ग त्याला उपलब्ध नसतो, कारण वळते करण्यास भाडेच नाही. कायदा हक्क देतो, पण पैसा मालकाच्या हाती असतो. परताव्याच्या झगड्यात दावा करण्याचे ओझे म्हणून नेहमी भाडेकरूवरच पडते.

दुसरीकडे, घरच जमीनदोस्त झाले तर नाते उरते काय? आगीत इमारत नष्ट झाल्यास भाडेकरार संपतो, असे केरळमधील एका दाव्यात पूर्वी ठरले होते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतील इमारत पाडली गेल्यानंतरच्या ‘शहा रतनसी खिमजी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ मध्ये ते मत अमान्य केले. भाडेपट्ट्यात इमारतीखालील जमीनही अंतर्भूत असते, म्हणून केवळ पाडकामाने भाडेकरूचा हक्क विझत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. मराठी मुलुखातील या दाव्याचे महत्त्व सर्व देशभर आहे.

अन्य देशांत विचाराची दिशा आधीच पालटली होती. अमेरिकेत १९७० च्या जाविन्स निर्णयाने, घर राहण्याजोगे असण्याची हमी भाड्याच्या करारातच अनुस्यूत असते, असे मानले. इंग्लंडने २०१८ च्या अधिनियमाने तशीच हमी विस्तृत केली. भारतात २०२१ च्या आदर्श भाडेदारी अधिनियमाने निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादित करण्याचे सुचविले. दुरुस्तीअभावी जागा अयोग्य झाली व लेखी मागणीनंतरही मालकाने नकार दिला, तर पंधरा दिवसांची सूचना देऊन भाडेकरूने ती सोडावी; आपत्तीने जागा अयोग्य झाल्यास ती पूर्ववत होईपर्यंत भाडे आकारू नये; आणि दुरुस्ती न झाल्यास देणी वजा करून अनामत परत करावी, असा त्याचा आशय आहे. १८८२ च्या ‘कायमची’ या शब्दाने जी पोकळी ठेवली होती ती येथे प्रथमच भरली गेली. परंतु हा केवळ नमुना आहे. राज्याने तो स्वीकारल्याखेरीज भाडेकरूस त्याचा आधार घेता येत नाही.

सारांश, जयनगरच्या आराखड्यात रस्त्यांना व उद्यानांना जागा मिळाली, भाडेकरूला मिळाली नाही. कायद्यातही त्याला पर्याय मिळाला, पण तो बजावण्याचे साधन मिळाले नाही. तोपर्यंत घराचा ताबा घेतानाच त्याची अवस्था लिहून ठेवणे, दुरुस्तीचे दायित्व करारात स्पष्ट करणे, आणि तक्रार तोंडी न करता लेखी करणे, हीच त्याची साधने राहतात. वठाराच्या ओसरीवर जे शब्दाने भागत असे, ते वसाहतीच्या काळात कागदावाचून भागत नाही.